खंडेनवमीचं पिस्तूल

निवडणूक लागली की बीड जिल्ह्यात दोन गोष्टी बाहेर निघतात, पुढाऱ्यांचे हसरे दात आणि लोकांची परवान्याची हत्यारं. दातांची मोजदाद कोणी ठेवत नाही. हत्यारं मात्र ठाण्यात जमा करून पावती घ्यावी लागते आणि निकाल लागून गुलाल खाली बसला की परत न्यावी लागतात. आजवर हे काम फार सोपं होतं. पिस्तूल कापडात गुंडाळलेलं यायचं, कापडातच परत जायचं. यंदा वरून हुकूम आला की प्रत्येक जुनं हत्यार उघडून बघा, आणि परवान्यावर जितकी काडतुसं लिहिली आहेत तितकी मोजून घ्या. त्यासाठी जिल्ह्याहून बबिताला पाठवलं होतं.

बबिता पोलिसात होती, पण चौकात काठी घेऊन उभं राहणारी नव्हती. खात्याची हत्यारं खोलायची, साफ करायची, दुरुस्त करायची हे तिचं काम. आर्मोरर म्हणतात त्याला. वय सव्वीस, आष्टीकडच्या मेंढपाळाची लेक, बोलणं मोजकं. ठाण्याच्या मागच्या खोलीत तिने टेबल मांडलं, त्यावर जाड फडकं अंथरलं, फडक्यावर हातोड्या, पिना ठोकून काढायचे पंच, ब्रश आणि तेलाची कुपी ठेवली. कोपऱ्यात वाळूने भरलेली बादली. हत्यार हातात घेतलं की त्याचं तोंड त्या बादलीकडे. समोर आमदार बसो नाही तर कीर्तनकार, ही दिशा ती बदलत नसे.

दोन दिवसांत चाळीसेक हत्यारं तिच्या हातांखालून गेली. लग्नाच्या मांडवात कमरेला लावून मिरवणारी माणसं या टेबलापुढे मुलीकडच्यांसारखी अवघडून बसतात, याची तिला गंमत वाटायची. ती चेहऱ्यावर दिसू द्यायची नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिरसाळ्याचे मन्मथप्पा आले. सोबत त्यांची बायको शिवकांता. अप्पांचं बी-बियाण्यांचं दुकान, शिवाय तीस एकर रान. वय शहात्तर, अंगावर धुवट धोतर आणि सदरा, कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे, गळ्यात लिंग. हा माणूस खोटं बोलत नाही अशी त्यांची पंचक्रोशीत ख्याती होती. ती ख्याती सगळ्यांत जास्त त्यांनाच ठाऊक होती. लोक त्यांच्याकडे भांडणं घेऊन येत, बांध मोजायला त्यांना साक्षीला नेत, आणि अप्पा बोलले की पुढचा माणूस चप्पल शोधू लागे.

अप्पांनी पिशवीतून लाल कापडाची घडी काढून टेबलावर ठेवली. बबिताने ती उलगडली आणि तिचा हात थांबला.

पिस्तूल होतं हे खरं. पण त्याच्यावर हळद होती, कुंकू होतं, नळीवर बरोब्बर तीन बोटांनी ओढलेले भस्माचे पट्टे होते, आणि घोड्याच्या बेचक्यात अक्षतांचे दोन-तीन दाणे घट्ट बसले होते.

"हे काय?" बबिताने विचारलं.

"पूजा," अप्पा म्हणाले. जणू पोरीला दसरा-दिवाळी समजत नाही.

शिवकांताने हौसेने पुढचं सांगितलं. पिस्तूल घेतलं त्याला एकवीस वर्षं झाली. वसुलीचे पैसे घेऊन येताना परळीच्या रस्त्यावर कुणाला तरी लुटलं होतं, त्या धसक्याने अप्पांनी परवाना काढला. तेव्हापासून दर खंडेनवमीला दुकानातला काटा, मापं, रानातला विळा, कुऱ्हाड, फवारणीचा पंप असं सगळं पाटावर मांडायचं, आणि सगळ्यांच्या पुढे हे. मानाचं म्हणून.

"एकवीस वर्सांत ह्यातनं एकदाबी गोळी उडाली न्हाई," अप्पा म्हणाले. "हत्यार घरात असावं, हातात नसावं."

हे वाक्य त्यांनी बऱ्याच ठिकाणी वापरलेलं असावं, इतकं ते गुळगुळीत झालं होतं. बबिताने काडतुसांची डबी उघडून मोजायला सुरुवात केली. नऊ भरली. पुन्हा मोजली, नऊच. परवान्यावर दहा होती.

"एक आत असंल," अप्पा म्हणाले. "कवातरी घातली होती धाकासाठी."

बबिताने पिस्तूल वाळूकडे धरून मुठीतलं गोळ्यांचं मॅगझीन ओढलं. ते कुरकुरत बाहेर आलं, रिकामं होतं. म्हणजे दहावी गोळी असलीच तर नळीत होती. आणि नळीत डोकवायचं तर वरचा सरकता भाग मागे ओढावा लागतो. बबिताने तो ओढला. दोन्ही हातांनी ओढला. तो एका जागी बसला होता तो हललाच नाही.

ठाण्याचे साहेब दारातून हे बघत होते. ते वाईट माणूस नव्हते, पण हुकूम नवा होता आणि त्यांची बदली जवळ आली होती. "अप्पा, तुमच्या शब्दावर मी घर बांधीन," ते म्हणाले. "पण कागदाला शब्द चालत नाही. गोळी आत निघाली तर पावती घेऊन जा. नाही निघाली, तर ती कुठे उडाली, कोणावर उडाली, हे मला विचारावं लागेल. गुन्हा दाखल करावा लागेल."

साहेब गेले. अप्पा खुर्चीत ताठ बसले, पण त्यांच्या कपाळावरच्या भस्माला घाम सुटला होता. शहात्तराव्या वर्षी ठाण्यात गुन्हा म्हणजे आयुष्यभराच्या अब्रूचा पंचनामा. आता सगळं त्या दहाव्या गोळीवर होतं.

बबिताने हत्यार नीट पाहिलं. वरचा भाग सुटायचा तर एक आडवी पिन काढायला हवी होती. काडेपेटीतल्या काडीएवढी जाड, बोटाच्या एका पेराएवढी लांब. पंच लावून दोन ठोके दिले की निघते. कुठल्याही पिस्तुलात हे अर्ध्या मिनिटाचं काम.

तिने ब्रशने हळद झाडली, पिनीच्या दोन्ही टोकांना तेल सोडलं आणि थोडा वेळ दिला. मग पिस्तूल लाकडी ठोकळ्यावर आडवं धरलं, पंच टेकवला आणि लहान हातोडीने ठोकलं. पिन जागची हलली नाही. पुन्हा तेल, पुन्हा वाट, पुन्हा ठोके. तिने रॉकेल लावून पाहिलं. गंज सोडवणारा फवारा मारून पाहिला. पिन सुनेने माहेरी बसावं तशी बसली होती, निघायचं नाव नाही. नळीत गोळी असण्याची शक्यता होती, म्हणून शेगडी किंवा जाळ जवळ आणता येत नव्हता, आणि मोठी हातोडी तर नाहीच नाही.

"हिनंच वाटोळं केलं," अप्पा बायकोकडे बघून म्हणाले. "दरसाल शेंदरी मारुती करती त्याचा. लोखंडाला काय कळतंय पूजेतलं?"

"मग आदी सांगायचं," शिवकांता म्हणाली. "पाटावर तुमीच आणून ठिवता की."

"ठिवतो म्हणून त्याला आंघोळ घालायची व्हय?"

बबिता खाली मान घालून ठोकत होती. नवरा-बायकोचं भांडण आणि अडकलेली पिन, दोन्हींत मध्ये पडून उपयोग नसतो. विषय बदलावा म्हणून अप्पांनी तिला विचारलं, "कुण्या गावची गं तू पोरी?"

"आष्टीकडची."

"रान किती हाय?"

"रान कुठलं? मेंढरं हायत. दिवाळी झाली की दादा अन् माय मेंढरं घेऊन निघत्यात, ते पाऊसकाळाला परत." वडिलांना ती दादा म्हणे. घरची बोली तोंडात आली तशी ती जरा थांबली आणि पुन्हा खात्याच्या भाषेत म्हणाली, "तुमच्या सिरसाळ्यावरूनच जातात गोदावरीकडे."

अप्पांनी मान फिरवली आणि ते खिडकीबाहेर बघत बसले. बबिताला वाटलं, म्हातारा थकला.

दुपारी तिने पिस्तूल ट्रेमध्ये ठेवून, खोलीला कुलूप लावून भाकरी खाल्ली. तीही सुखाची गेली नाही. हातातलं काम निघत नसलं की तिला घास गोड लागत नसे, आणि इथे तर एका म्हाताऱ्याची अब्रू तिच्या पंचाच्या टोकावर होती. अप्पा तिला आवडले होते. ताठ माणूस, बोलण्यात आडपडदा नाही. गोळी आत निघावी असं तिला मनापासून वाटत होतं.

कुलूप उघडून ती टेबलाशी आली आणि बघतच राहिली. खिडकीच्या चौकटीतून निघालेली काळ्या मुंग्यांची बारीक ओळ भिंतीवरून टेबलावर, टेबलावरून ट्रेमध्ये आणि थेट पिस्तुलावर चढली होती. सकाळी फवाऱ्याने ओली झालेली नळी त्यांनी सोडून दिली होती. मुठीच्या वर, पिनीच्या आसपास जिथे जुना थर शाबूत होता, तिथे मात्र घोळका जमला होता.

आजवर तिने गंजलेलं पिस्तूल पाहिलं होतं, चिखलातलं पाहिलं होतं. मुंग्या लागलेलं पहिलंच. तिने व्हरांड्यात बसलेल्या शिवकांताला हाक मारली.

"काकू, पूजेला काय काय घालता याच्यावर?"

"हळद, कुकू, भस्म, फुलं," शिवकांता बोटांवर मोजू लागली. "अन् आदी पंचामृत. दूध, दही, तूप, मध, साखर. वाईच जास्तच घालते मध, हत्याराचा राग निवावा म्हणून."

बबिता हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा. सकाळपासून ती गंजाशी लढत होती, आणि इथे गंज नव्हताच. एकवीस वर्षांचं मध-साखरेचं पाणी फटीफटीतून आत उतरलं होतं, वाळलं होतं, त्यावर पुढच्या वर्षीचं उतरलं होतं. तेलाने साखर सुटत नाही. रॉकेलने सुटत नाही. कढईला लागलेला पाक कोणती बाई तेलाने घासते?

खात्याचा पहिला नियम असा की हत्याराला पाणी लावायचं नाही. बबिताने तो नियम क्षणभर बाजूला ठेवला आणि समोरच्या हॉटेलातून तांब्याभर कोमट पाणी मागवलं. कोमटच, हाताला सोसेल इतकं. कापसाचे बोळे भिजवून तिने पिनीच्या दोन्ही बाजूंना ठेवले, सुकले की बदलले, पुन्हा ठेवले. बोळे आधी पिवळे निघाले, मग लाल, मग तपकिरी. खोलीत शिळ्या प्रसादाचा वास सुटला. शिवकांता स्टुलावर बसून ते बघत होती आणि तिची चूक धुतली जातेय की पुण्य, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं.

अर्ध्या तासाने बबिताने पंच टेकवला आणि एक हलका ठोका दिला. पिन केसभर सरकली. दुसऱ्या ठोक्याला आणखी. तिसऱ्याला ती बाहेर आली आणि फडक्यावर पडली. तिच्या अंगावर काकवीसारखा चिकट थर होता.

पुढचं काम तिने आणखी सावकाश केलं. कोमट बोळे, फडकं, पुन्हा बोळे. तोंड वाळूकडे. वरचा भाग आधी रुसला, मग मागे आला, आणि नळीच्या बुडातून एक पितळी काडतूस तिच्या तळहातावर उतरलं.

"निघाली," ती म्हणाली.

अप्पांनी डोळे मिटून गळ्यातल्या लिंगाला हात लावला. शिवकांताने पदर डोळ्यांना लावला. "म्हणलं नव्हतं का?" ती म्हणाली. "आमचं माणूस खोटं बोलत न्हाई."

बबिता काडतूस पुसून भिंगाखाली बघत होती. अहवालात प्रत्येक गोळीची अवस्था लिहायची होती. काडतुसाच्या बुडाला मधोमध एक छोटी टिकली असते. घोडा ओढला की आतली टोकदार पिन त्या टिकलीवर आपटते, आणि आपटली की गोळी उडते. डबीतल्या नऊ गोळ्यांच्या टिकल्या गुळगुळीत होत्या. या दहाव्या गोळीच्या टिकलीवर, ऐन मध्यभागी, एक उथळ खळगा होता.

तिने भिंग बाजूला ठेवलं. पिस्तुलाची आतली टोकदार पिन काढून पाहिली. तीही त्याच चिकट थरात रुतलेली होती.

"अप्पा, घोडा कुणीतरी ओढलेला आहे."

"न्हाई."

"आहे. टिकलीवर ठोका बसलाय. पण हलका बसला. आतली पिन पंचामृतात अडकली होती, तिला जोर लागला नाही. नाही तर ही गोळी उडालीच असती."

अप्पा गोळीकडे बघत राहिले. "फुसकी निघाली होती ती," ते म्हणाले, आणि आपण काय बोललो हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

"फुसकी नाही. गोळी चांगली आहे."

शिवकांता नवऱ्याकडे वळली. "तुमी वढला? कवा? कशावर?"

"रानडुक्कर होतं."

"आपल्या रानात रानडुक्कर?" शिवकांता म्हणाली. "चाळीस वर्सं मी त्या रानात खुरपते. कवा आलतं? अन् मला कावून ठाऊक न्हाई?"

बबिताने पेन हातात घेतलं होतं. रानडुक्कर लिहिलं असतं तर कागद तिथेच मिटला असता, आणि अप्पांना हे कळत होतं. खोटं न बोलणाऱ्या माणसाची एक अडचण असते, त्याला सराव नसतो. एवढंसं खोटं बोलून त्यांचा चेहरा असा झाला की खोलीतल्या मुंग्यांनाही ते कळलं असतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही. ते बबिताकडे बघत होते.

"धनगर होता," ते म्हणाले. "बारा वर्सं झाली. मीच बोलावलं होतं त्याला, मेंढरं बसवायला, पडीक रानात खत व्हावं म्हणून. सकाळी पाहतो तर निम्मी मेंढरं हरभऱ्यात. भरात आलेला हरभरा. मी बोललो. त्यानं बी सुनावलं. म्हणला, बोलवायचं तर गोड बोलता अन् मग कुत्र्यावानी हाकलता. गडी-माणसं ऐकत होती. मला ते सोसलं न्हाई. दुसऱ्या दिवशी हे घेऊन गेलो. एकच गोळी घातली. धाक दाखवायचा म्हणून गेलो, खरं सांगतो. पण त्यानं हात जोडले न्हाईत. नुसता बघत राह्यला माझ्याकडं. अन् माझं बोट..."

त्यांनी ते बोट मांडीवर ठेवलेलं होतं. ते त्यांनी दुसऱ्या हाताखाली घेतलं.

"टक् झालं. नुसतं टक्. त्यानं खांद्यावरचं घोंगडं सारखं केलं, मेंढरं गोळा केली अन् गेला. तवापासून मी ह्याच्या घोड्याला बोट लावलं न्हाई. ती गोळी काढायचीबी हिंमत झाली न्हाई."

 बाहेर कोणीतरी फिर्याद सांगत होतं, बैल चोरीला गेल्याची.

"अन् मी त्याला बारा वर्सं हळद-कुकू लावलं," शिवकांता म्हणाली. "माझ्या हातानं." तिने स्टूल उचललं, नवऱ्यापासून हातभर लांब, भिंतीशी ठेवलं आणि तिथे जाऊन बसली.

बबिताला राग आला. दुपारी भाकरी खाताना हा माणूस आपल्याला आवडला होता, याचा जास्त आला. पण हात तिचे स्थिर होते, ते तिचे नेहमीच असत. तिने लिहिलं: काडतूस क्रमांक दहा, नळीत मिळालं, न उडालेलं, टिकलीवर ठोक्याची खूण. मग शेऱ्याच्या रकान्यात, परवानाधारकाच्या सांगण्यावरून, एका मेंढपाळावर घोडा ओढला, अंदाजे बारा वर्षांपूर्वी. तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि कागद अप्पांपुढे सरकवला.

"सही करावी लागंल का?" अप्पांनी विचारलं.

"खरं असंल तर करा."

अप्पांनी सही केली. एरवी ते वळणदार सही करत, नावाखाली रेघ ओढत. आज रेघ राहिली.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "गोळी सापडली म्हणून सुटायचा, तो गोळी सापडली म्हणूनच अडकला," ते म्हणाले आणि डोकं खाजवलं. "नाव काय त्या धनगराचं?"

"त्यांना माहीत नाही. विचारलंच नव्हतं म्हणाले."

"मग कुठे शोधायचा? बारा वर्षांत किती कळप आले अन् गेले. तुमच्या लोकांत कुणाला विचारून बघ. अशी गोष्ट कोण विसरतो? जन्मभर सांगत असेल तो."

बबिता व्हरांड्यात आली. बारा वर्षांपूर्वी ती आठवीत होती, आष्टीला मामाकडे राहून शिकत होती. त्या हिवाळ्यात दादा आणि माय कुठे होते हे तिला आठवेना. पण दादांना बाकीचे कळप ठाऊक असत, कोण कुणाच्या रानात बसला, कुणाचं कुणाशी वाजलं, हे सगळं. ते तिला नक्की नाव सांगतील असं तिला वाटलं. तिने फोन लावला. पलीकडे मेंढरांचा कालवा होता, आणि तिचा बाप आश्रुबा कुत्र्याला ओरडत होता.

"हां बबे, बोल. जेवलीस का?"

"जेवले. दादा, एक विचारायचं हाय. बारा-एक वर्सं झाली. एका रानमालकानं आपल्यातल्या कुणावर पिस्तूल धरलं होतं. घोडाबी वढला होता, पण गोळी उडाली न्हाई. तुमाला काय ठाऊक हाय का?"

मेंढरांचा कालवा मागे पडत गेला, आश्रुबा कळपापासून लांब चालला होता.  मग मायला आजवर न सांगितलेलं तिला ऐकू जाऊ नये अशा बेताने, आवाज खाली आणून त्याने विचारलं,

"कोणतं म्हणतीस? सिरसाळ्याचं, का युसूफ वडगावचं?"